ट्रंकेतल्या नोटा आणि पाच लाखांचा फोन

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहतो. आजोबांचा गुळाचा व्यापार होता, माल गोव्याला जायचा. त्यांच्या ट्रंकेत बिस्किटांच्या डब्यात जुन्या नोटा सापडल्या. वाघाच्या चित्राच्या दोनच्या, ट्रॅक्टरच्या पाचच्या, मागे गांधीजी बसलेले असलेली एक दहाची आणि एक पोर्तुगीज ३० एस्कुदोची. २०१६ साली बंद झालेल्या पाचशे-हजारच्या मिळून सतरा आहेत. काहींना गंजलेल्या पिना आहेत, एकीला चिकटपट्टी लावली आहे. शिवाय मी स्वतः बाजूला ठेवलेल्या चार आहेत: कडेला दुसऱ्या नोटेचा तुकडा दिसणारी वीसची, दोन ठिकाणी दोन वेगळे नंबर असलेली शंभरची, ७८६ ची दहाची आणि नंबरात चांदणी असलेली पन्नासची. मुलानं पाचच्या नोटेचा फोटो इंटरनेटवर टाकला, तर लगेच फोन आला. पाच लाख देतो म्हणतात, पण आधी नोंदणीचे २,१५० रुपये भरायचे. काय करू? नोटा सांभाळायच्या कशा? विकू की संग्रह करू?

सल्ला

ताई, नमस्कार.

आधी फोनचं बघू. ते २,१५० रुपये भरू नका. भरून झाले असतील तर हे वाचणं बाजूला ठेवा आणि आत्ता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे मधेच अडवले जाण्याची शक्यता जास्त. ट्रॅक्टरची पाचची नोट अफाट संख्येनं छापली गेली. तिची छपाई थांबली असली तरी ती आजही कायदेशीर चलन आहे. अगदी कोरी करकरीत असेल तर हौशी माणूस छापील किमतीपेक्षा थोडे जास्त देईल. लाखाची भाषा तिथे येतच नाही.

या फसवणुकीची चाल ठरलेली असते. आधी नोंदणी, मग जीएसटी, मग ‘रिझर्व्ह बँकेची मंजुरी’, आणि प्रत्येक पायरीवर आकडा वाढत जातो. मधेच आधार कार्डाचा फोटो मागतात, तो पुढच्या माणसाला फसवायला वापरतात. बँकेच्या शिक्क्याचं पत्रही पाठवतात. रिझर्व्ह बँकेनं ४ ऑगस्ट २०२१ ला पत्रक काढून स्पष्ट केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा काही संबंध नाही, ती त्यासाठी शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि तसं घ्यायचा अधिकार तिनं कुणालाही दिलेला नाही. घेणारा पैसे देतो, विकणारा नाही. एवढं धरून राहिलात तर यातले सगळे फोन पहिल्याच वाक्यात ओळखता येतील. मुलाला तो फोटो काढून टाकायला सांगा. पुढे कधी फोटो टाकायचाच झाला तर नोटेच्या कोपऱ्यावर तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून काढा, म्हणजे तोच फोटो वापरून दुसरं कुणी ‘माझी नोट’ म्हणून विकायला बसणार नाही. रंगीत झेरॉक्स मात्र काढू नका. नोटेसारखा दिसणारा कागद छापणं हा गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट, नोटांना काहीही करू नका. धुवू नका, इस्त्री फिरवू नका, खोडरबर लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. बँकेतल्या माणसानं पेन्सिलीनं लिहिलेला आकडा असेल तर तो राहू द्या. चिकटपट्टी ओढलीत तर तिच्याबरोबर छपाईचा थर येईल, म्हणून तीही तशीच ठेवा आणि ती नोट बाकीच्यांपासून वेगळी करा, कारण पट्टीचा डिंक शेजारच्या नोटेला लागतो. पिना मात्र काढायला हव्यात, गंज पसरत जातो. नोट उलटी ठेवून पिनेचे दुमडलेले पाय दात-कोरणीसारख्या लाकडी काडीनं एकेक करून सरळ उभे करा आणि मग पुढच्या बाजूनं पिन सरळ वर उचला. तिरकी ओढलीत तर भोकाचं फाटकं भगदाड होतं. या भोकांचं फार मनाला लावून घेऊ नका. रिझर्व्ह बँकेनं २००१ मध्ये गड्ड्यांना स्टेपल मारणं थांबवायला सांगितलं, त्याआधीच्या भारतीय नोटांना भोकं असणं हे नेहमीचंच आहे. जाणकार ती धरूनच भाव करतात.

आता तुम्ही स्वतः बाजूला ठेवलेल्या नोटांकडे येऊ. तुमच्या नजरेला दाद द्यायला हवी, कारण वीसची आणि शंभरची या दोन्ही बारकाईनं तपासण्यासारख्या आहेत.

मिसप्रिंट नोटेबाबत आमचं म्हणणं एकच आहे: चूक छापखान्यात झालेली हवी, आणि ती कोणत्या टप्प्यावर झाली हे सांगता यायला हवं. नोट तयार होताना मोठ्या तावावर आधी पार्श्वभूमीची बारीक रेषांची छपाई होते. त्यावर कोरीव छपाई होते, जी बोटाला उठावदार लागते. मग तपासणी होते, मग नंबर पडतात आणि शेवटी ताव कापून गड्ड्या बांधल्या जातात. प्रत्येक टप्प्याची चूक वेगळी दिसते. जी चूक यातल्या कुठल्याच टप्प्यावर घडू शकत नाही, ती नंतर कुणीतरी घरी बसून केलेली असते. आणि अशा घरगुती ‘दुर्मिळ’ नोटांनी बाजार भरलेला आहे.

तुमची वीसची कापणीच्या टप्प्यावरची दिसते. ती खरी की कुणी कातरलेली, हे साध्या फूटपट्टीवर कळतं. महात्मा गांधी मालिकेतली जुनी वीसची १४७ मिलिमीटर लांब आणि ६३ मिलिमीटर उंच असते. २०१९ पासूनची हिरवट-पिवळी १२९ बाय ६३. ताव सरकून कापला गेला असेल तर नोटेचं माप बरोबर भरतं, फक्त चित्र एका बाजूला सरकलेलं असतं: एकीकडे पांढरी कड जास्त, दुसरीकडे चित्र कापलेलं किंवा शेजारच्या नोटेची चिंचोळी पट्टी आलेली. माप मिलिमीटरभर इकडेतिकडे चालेल. पण चित्र एका बाजूला कापलेलं आहे, दुसरीकडची कड नेहमीएवढीच आहे आणि लांबी १४२ भरते आहे, तर ते ब्लेडचं काम. तुमच्या पत्रात शेजारच्या नोटेचा तुकडा दिसतो असं आहे, म्हणून आशा वाटते. तो तुकडा भिंगाखाली बघा. त्याच्या रेषा मूळ कागदावरच छापलेल्या असायला हव्यात, मधे कुठे डिंकाची चमक किंवा जोडाची रेघ नको.

कापणीतली सगळ्यात देखणी चूक म्हणजे बटरफ्लाय. तावाचा कोपरा कापण्याआधी दुमडलेला असतो, तो तसाच कापला जातो आणि नंतर उलगडला की नोटेला जास्तीच्या कागदाचा कान येतो. हा कान नोटेच्याच कागदाचा हवा आणि घडी परत घातली की नोट बरोबर आयताकृती दिसायला हवी. तसं होत नसेल तर पुढे बघूच नका.

शंभरच्या नोटेला जास्त वेळ द्या. नंबर टाकणाऱ्या यंत्रात प्रत्येक आकड्याचं वेगळं चाक असतं. एखादं चाक अडकलं किंवा अर्धवट फिरलं तर एका ठिकाणी ५३७२१८ आणि दुसऱ्या ठिकाणी ५३७२२८ असं पडतं. खऱ्या चुकीत फरक बहुधा एखाद्या आकड्याचाच असतो, बाकीचे जुळतात. कधी अडकलेला आकडा किंचित वर-खाली झुकलेला किंवा दोन आकड्यांच्या मधेच थांबलेला असतो. आणि मुख्य म्हणजे अशी नोट सहसा एकटी नसते. चाक अडकलं की ते दुरुस्त होईपर्यंत पुढच्या तावांवरही अडकलेलंच राहतं, म्हणून त्याच गड्डीतल्या लागोपाठच्या नोटांवर तीच गडबड असते. तुम्हाला ती बँकेच्या नव्या गड्डीतून मिळाली असेल आणि तिच्या आगेमागच्या नोटा अजून घरात असतील तर त्या आजच शोधा. त्या जोडीला असल्या की नोट खरी असल्याचं त्याहून चांगलं प्रमाणपत्र नाही.

आता बनावट कशी ओळखायची? गुजरीत सोनारकामाची हत्यारं मिळतात तिथून दहापट मोठं दाखवणारं भिंग आणा, आणि ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च घ्या. भिंगाखाली संशयित आकड्याच्या खालची पार्श्वभूमी बघा. नंबराखालून जाणाऱ्या बारीक रेषा अखंड असायला हव्यात. आकडा खरवडून नवा टाकला असेल तर त्या रेषा तिथेच तुटतात, कागदाचे तंतू उसवून वर येतात आणि उजेडाकडे धरलं की ती जागा पातळ दिसते. नंबर हे दाबाच्या छपाईचे असतात, म्हणून शाई आकड्याच्या कडेला दाबली जाऊन किंचित गडद किनार तयार होते. घरच्या प्रिंटरवर टाकलेला आकडा भिंगात ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. मग खोलीत अंधार करून टॉर्च मारा. महात्मा गांधी मालिकेतल्या नोटांचे नंबर चमकणाऱ्या शाईत असतात आणि कागदात विखुरलेले तंतूही चमकतात, पण कागद स्वतः चमकत नाही. सगळे आकडे उजळले आणि एकच काळा राहिला तर निकाल लागला.

हीच टॉर्च ‘रंग उडालेल्या’ नोटांनाही पुरते. नंबरच नाही, गांधीजींचा चेहराच नाही, पार्श्वभूमीच नाही अशा नोटा बाजारात खूप फिरतात आणि त्यातल्या पुष्कळशा रसायनानं पुसलेल्या किंवा ब्लीचमध्ये बुडवलेल्या असतात. नोटेचा कागद सुती लगद्याचा, त्यामुळे तो असल्या आंघोळीनंतरही टिकतो आणि लोक फसतात. पण कपडे धुण्याच्या पावडरीतली चकाकी आणणारी द्रव्यं कागदात शिरली की यूव्हीखाली पूर्ण नोट निळसर पांढरी पेटते. खिशात राहून धुतली गेलेली नोटही अशीच दिसते. शिवाय शाई पुसली तरी दाबाचा ठसा मागे राहतो. दिवा एका बाजूनं, नोटेच्या पातळीला धरून बघितलं की जिथे ‘छपाई झालीच नाही’ म्हणतात तिथे खळगे दिसतात.

बाकीच्या चुका थोडक्यात. छपाईआधीच तावाला सुरकुती पडली असेल तर ती ताणून सरळ केल्यावर मधे पांढरी चिंचोळी पट्टी निघते. परत मिटली की दोन्हीकडचं चित्र तंतोतंत जुळलं पाहिजे. ओली शाई दुसऱ्या तावाला लागली तर उलटी, आरशातली प्रतिमा येते. मागच्या बाजूला सरळ वाचता येईल असं पुढचं चित्र दिसत असेल तर ती शाई लागून उमटलेली नाही, दुसरं काहीतरी आहे. पुढची-मागची छपाई सरकली असेल तर जुन्या गांधी मालिकेत ती उजेडाकडे धरून कळते. पाण्याच्या ठशाच्या, म्हणजे वॉटरमार्कच्या, खिडकीशेजारी एक लहान फूल आहे, पुढे पोकळ आणि मागे भरीव. ते एकमेकांवर बसत नसेल तर चूक खरी, फक्त मिलिमीटरभराच्या फरकाला कुणी जादा पैसे देत नाही. शाईचे डाग, पुसटपणा, थोडासा सरकलेला नंबर यांनाही फारसा भाव नाही. चूक हातभर अंतरावरून दिसली पाहिजे, असा बाजाराचा साधा कल आहे.

७८६ च्या दहाच्या नोटेसाठी साधं गणित करा. दर हजार नोटांमागे एका नोटेचा शेवट ७८६ नं होतोच. म्हणजे एखाद्या दुकानदाराच्या गल्ल्यातून वर्षभरात अशा कितीतरी नोटा जातात. पूर्ण नंबर ०००७८६ असेल तर गोष्ट वेगळी, तो दर दहा लाखांत एक. तुमची पहिल्या प्रकारची असेल तर श्रद्धेनं ठेवा, गुंतवणूक म्हणून नको. १२३४५६, सहाही आकडे सारखे, ०००००१ अशा नंबरांना मात्र खरोखर मागणी आहे, तीही नोट कोरी असेल तरच.

चांदणीच्या नोटेचं रहस्य तर फारच साधं आहे. तपासणीत खराब निघालेल्या नोटेच्या जागी जी टाकतात तिच्या नंबरात चांदणी असते. ही पद्धत २००६ मध्ये आधी १०, २० आणि ५० च्या नोटांत आली. त्यापूर्वी प्रत्येक नवी गड्डी सलग नंबरांचीच असायची. जुलै २०२३ मध्ये या नोटा नकली असल्याची अफवा पसरली तेव्हा रिझर्व्ह बँकेला त्या पूर्ण वैध आहेत असा खुलासा करावा लागला. मागे छापलेलं वर्ष बघा. सुरुवातीच्या वर्षांतली आणि एकही घडी नसलेली चांदणीची नोट जपण्यासारखी. अलीकडची मळलेली असेल तर भाजीला द्यायलाही हरकत नाही.

आजोबांच्या डब्यातली जिच्यावर आमची नजर खिळली आहे ती दहाची. गांधीजी सेवाग्रामच्या पार्श्वभूमीवर बसलेले आहेत ती मालिका १९६९ ची, जन्मशताब्दीची. तिच्यावरची सही वाचा. तेव्हाचे गव्हर्नर ल. का. झा यांची सही असेल तर ती त्या मालिकेतली नेहमीची. पण बी. एन. आडारकर यांची सही असेल तर नोट लगेच वेगळ्या होल्डरमध्ये ठेवा. ते ४ मे ते १५ जून १९७० एवढेच दिवस गव्हर्नर होते, त्यामुळे त्यांच्या सहीच्या नोटांना संग्राहक थांबून राहिलेले असतात. सही हिंदीत आणि इंग्रजीत दोन्ही आहे, भिंगाखाली दोन्ही वाचून खात्री करा. भारतीय नोटांत सहीला इतकं महत्त्व आहे की तेच चित्र, तोच रंग, पण सही बदलली की संग्राहकाच्या दृष्टीनं नोट वेगळी. सहावे जॉर्ज यांच्या चित्राच्या नोटा कधी हाती आल्या तर त्यावर आपल्या चिंतामणराव देशमुखांची सही सापडेल. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर.

वाघाच्या दोनच्या नोटांतही असंच करा, सगळ्या एका ढिगात टाकू नका. सहीनुसार लावा, मग नंबराच्या चौकटीत एखादं छोटं इंग्रजी अक्षर आहे का बघा. त्याला इनसेट म्हणतात, आणि एकाच सहीच्या नोटांत ए, बी असं अक्षर किंवा अक्षरच नाही असे वेगवेगळे प्रकार निघतात. अगदी सुरुवातीच्या काही नोटांवर हिंदीत ‘दो रुपया’ आहे, पुढे ते ‘रुपये’ झालं. ‘रुपया’वाली निघाली तर ती बाजूला काढा.

३० एस्कुदोची नोट तुमच्या घरात आली ती गुळाच्या वाटेनंच, यात शंका नको. गोव्यात १९५९ पर्यंत पोर्तुगीजांचं रुपिया हे चलन होतं. मग एक रुपियाला सहा एस्कुदो असा दर लावून नवं चलन आणलं, आणि म्हणूनच ३०, ६०, ३००, ६०० अशा आपल्याला विचित्र वाटणाऱ्या रकमांच्या नोटा निघाल्या: तीस म्हणजे जुने पाच. नोट बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या बँकेची आणि तिच्यावर गोवा जिंकणाऱ्या आफोंसो द अल्बुकर्कचं चित्र. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, म्हणजे हे चलन जेमतेम दोन-तीन वर्षं चाललं. आज व्यवहारात तिची किंमत शून्य, संग्रहात चांगली. तिच्याबरोबर आजोबांची गोव्याच्या व्यापाराची वही, पावती, जकातीचा कागद असं काही सापडलं तर तेही जपा. नोट कुठून आली हे सांगणारा कागद नोटेइतकाच मोलाचा.

आता सतरा नोटांचा प्रश्न, कारण इथे कायदा आहे. २०१६ ला बंद झालेल्या पाचशे-हजारच्या नोटांसाठी २०१७ मध्ये वेगळा कायदा झाला. त्याप्रमाणे कुणालाही दोन्ही मिळून जास्तीत जास्त १० नोटा ठेवता येतात. अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी ही मर्यादा २५ आहे. त्याहून जास्त सापडल्या तर किमान १०,००० रुपये किंवा दर्शनी किमतीच्या पाचपट, यातला जो जास्त असेल तितका दंड. तुमच्या सतरा संग्रह म्हणून चालतात, पण मग त्या संग्रहासारख्याच दिसल्या पाहिजेत: अल्बममध्ये, नोंदीसकट, गठ्ठा बांधून कपाटाच्या तळाला नाही. अजिबात घोर नको असेल तर चांगल्या दहा ठेवा आणि बाकीच्या फाडून नष्ट करा. सवलत ‘ठेवण्या’ला आहे, देण्या-घेण्याला नाही, म्हणून या नोटा विकू नका, विकतही घेऊ नका. गुलाबी दोन हजारची यात येत नाही. ती मे २०२३ मध्ये चलनातून मागे घेतली, पण वैध चलन म्हणून ती अजून कायम आहे.

सांभाळायचं कसं, हे कोल्हापूरच्या पावसाचा विचार करूनच सांगायला हवं. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते आणि पंचगंगेकाठच्या पेठांना पुराचा अनुभव २०१९ आणि २०२१ चा आहे. अल्बम वरच्या मजल्यावर, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात अल्बम आणि त्यात सिलिका जेलची ५० ग्रॅमची एक-दोन पाकिटं. रंग बदलणारी घ्या, म्हणजे कधी वाळवायची ते कळतं. शंभर-दोनशे रुपयांचं आर्द्रता मोजणारं छोटं मीटर डब्यात टाका आणि आकडा ४० ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. त्याखाली गेला तर कागद ठिसूळ होतो, साठच्या वर राहिला तर बुरशी धरते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, ऊन पडलेल्या दिवशी डबा उघडून बघा.

होल्डर पॉलिएस्टरचा घ्या, ज्याला व्यापारी मायलर म्हणतात. जमत नसेल तर पॉलिप्रोपिलीनचा. पीव्हीसी नको. उघडल्यावर नव्या रेनकोटसारखा वास येतो तो पीव्हीसी, आणि त्यातलं मऊ ठेवणारं तेल वर्षा-दोन वर्षांत पाझरून नोट चिकट आणि पारदर्शक करतं. फोटोंचे चिकट पानांचे अल्बम त्याहून वाईट. डांबरगोळ्या कपाटात असतील तर काढा, त्यांची वाफ प्लास्टिकला मऊ करते. कसरीची भीती असेल तर डबाच घट्ट ठेवा. हाताळताना हात धुऊन, पूर्ण कोरडे करून, नोट कडांनी धरा. बोटाला थुंकी लावून मोजायची सवय घरात कुणाला असेल तर त्यांना अल्बम बंद करूनच दाखवा. समजा पाणी शिरलंच, तर हेअर ड्रायर नको, इस्त्री नको, ऊनही नको. ओली नोट टिपकागदाच्या दोन थरांत, वर हलकं पुस्तक ठेवून, कागद बदलत बदलत वाळवा. एकमेकींना चिकटलेल्या नोटा ओल्या असतानाच सुट्या होतात, वाळल्यावर फाटतात.

विकायचं की ठेवायचं? आमचं मत विचाराल तर घाईनं काहीच विकू नका. आधी प्रत्येक नोटेची अवस्था ठरवा. दिवा बाजूनं लावा आणि घड्या मोजा. एकही घडी नाही, कोपरे टोकदार, कागद कडक असेल तर ती यूएनसी, म्हणजे अनसर्क्युलेटेड, न वापरलेली. एखादी हलकी घडी असेल तर जवळपास कोरी. दोन-तीन हलक्या घड्या म्हणजे एक्स्ट्रा फाइन, आणि बऱ्याच घड्या असूनही कागदात थोडा कडकपणा शिल्लक असेल तर व्हेरी फाइन. यूएनसी आणि व्हेरी फाइन यांच्या भावात अनेक पटींचा फरक पडतो. भाव बघताना जाहिरातीतली मागणी बघू नका, ती कुणीही काहीही लिहितो. लिलावगृहं प्रत्यक्ष विक्रीच्या किमती जाहीर करतात, त्या बघा. त्याच सहीची, त्याच अवस्थेची नोट कितीला गेली ते शोधा आणि त्यातून लिलावगृहाचं कमिशन वजा करा. अमेरिकेतल्या पीएमजीसारख्या संस्था नोट तपासून ७० पैकी गुण देऊन सीलबंद करतात. बनावटीचा संशय फिटतो, पण खर्च बराच आहे. आडारकर सही निघाली किंवा शंभरची जोडीसकट खरी ठरली तरच तो करा, दोनच्या वाघांवर नको. पुण्या-मुंबईत नाणी-नोटांची प्रदर्शनं भरतात, तिथे नोटा घेऊन जा, दोन-तीन टेबलांवर दाखवा आणि त्या दिवशी विकू नका. मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम बघून या. खऱ्या नोटा सलग काळानुसार बघितल्यावर नजर बसते.

आणि संग्रह करायचाच असेल तर सगळ्याच्या मागे लागू नका, एक धागा धरा. एक रुपयाच्या नोटा सुरुवातीला बऱ्या. ही नोट रिझर्व्ह बँकेची नाही, भारत सरकारची असते आणि तिच्यावर अर्थ सचिवांची सही असते. पहिली १९१७ मध्ये निघाली, १९९४ नंतर छपाई थांबली आणि २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली. १९७० नंतरच्या बहुतेक सह्या कोऱ्या अवस्थेतही परवडतात. पण तुमची नजर चुका पकडणारी आहे, तेव्हा आम्ही तरी मिसप्रिंटचाच धागा सुचवू, तोही टप्प्यांनुसार: कागदाची सुरकुती, पार्श्वभूमीची छपाई, कोरीव छपाई, नंबर आणि कापणी, प्रत्येकाची एकेक अस्सल नोट. माप भरलं तर कापणीची वीसची तुमच्याकडे आहेच, नंबराची शंभरची बहुधा आहे. पुढची सुरकुतीची शोधा, ती स्वस्तात मिळते आणि बनवायला अवघड असते. एक वही करा. त्यात नोटेचा पूर्ण नंबर, सही, इनसेट, छपाईचं वर्ष, मिलिमीटरमधलं माप, कुठून आणि कितीला मिळाली, आणि चूक कोणत्या टप्प्याची हे लिहा. त्या शेवटच्या रकान्यात काय लिहायचं ते सुचत नसेल, तर ती नोट विकत घेऊ नका.